मांजराच्या पोटातील जंत : समज आणि उपाय

आपल्याकडे मांजर सहसा विकत आणले जात नाही; ते येते आणि राहते. गाय पारखून घेतात, कुत्रा निवडून आणतात. मांजराच्या बाबतीत निवडीचा अधिकार बहुधा मांजराकडेच असतो. इंदूर, देवास, धार येथील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या भाट्यांनी पिल्ले घातली, घरातील मुलांनी त्या पिल्लांना नावे दिली, आणि त्यांतील एखादे न बोलावता घरचे होऊन गेले. बालकांची रक्षणकर्ती म्हणून जिला आपण मानतो, त्या षष्ठीदेवीचे वाहनही मांजरच आहे.

ही माया मात्र एका गोष्टीपाशी अकस्मात आटते. एखाद्या सकाळी मांजर ओकते आणि त्या ओकारीत शेवयांसारखे पांढरट, वळवळणारे काहीतरी दिसते. किंवा मांजर गादीवरून उठून गेल्यावर त्या जागी तांदळाच्या दाण्याएवढे काही हलताना आढळते. घरात एकच गडबड उडते. आजी आधी नातवाला उचलून घेते, आणि दुसऱ्या दिवशी मांजर पोत्यात घालून गावाबाहेर सोडून दिले जाते. जे घर इतके कठोर नसते, ते दुसऱ्या टोकाला जाते. 'मांजराला जंत असायचेच' असे म्हणून ते दुर्लक्ष करते. आणि चार पिल्लांपैकी दोन महिना-दीड महिन्याची होऊन झुरून गेली, की 'आमच्याकडे पिल्ले टिकत नाहीत' असा निष्कर्ष काढून मोकळे होते.

आमच्या मते या दोन्ही रीती सारख्याच अनाठायी आहेत. मांजराचे जंत हा बहुतेक वेळा थोड्या खर्चात व थोड्या दक्षतेने बरा होणारा विकार आहे. परंतु एक गोळी खाऊ घातली म्हणजे उपचार संपला, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. जंत मांजराच्या पोटात दिसत असले, तरी त्यांचे अर्धे आयुष्य आपल्या घरात, अंगणात आणि गोधडीत जाते. तेथे लक्ष दिल्यावाचून हा विकार हटत नाही.

चरकांची तीन अंगे

चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगून त्यांच्या चिकित्सेची तीन अंगे दिली आहेत. पहिले अपकर्षण, म्हणजे कृमी शरीराबाहेर काढणे. दुसरे प्रकृतिविघात, म्हणजे ज्या स्थितीत ते वाढतात ती स्थिती मोडणे. तिसरे निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणांनी ते झाले ती कारणे टाळणे. हा ग्रंथ माणसांसाठी आहे. त्यातील औषधे आपल्या मनाने मांजराला देऊ नयेत. परंतु विचाराची ही मांडणी आजच्या पशुवैद्यकालाही लागू पडते. आपल्या घरांत पहिले अंग कसेबसे पार पडते आणि उरलेली दोन राहून जातात. म्हणूनच 'औषध दिले तरी जंत पुन्हा झाले' ही तक्रार वारंवार कानी येते.

जंत तीन, वाटा निरनिराळ्या

मांजराच्या आतड्यात सामान्यतः तीन प्रकारचे जंत आढळतात, आणि प्रत्येकाची आत शिरण्याची वाट वेगळी आहे.

पहिला गोलकृमी. ओकारीतून पडणाऱ्या 'शेवया' त्या याच. त्याची लांबी तीनपासून दहा सेंटिमीटरपर्यंत असते. मादी हजारोंनी अंडी घालते व ती मांजराच्या विष्ठेवाटे बाहेर पडतात. ही अंडी पडल्याबरोबर बाधत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर त्यांत अळी तयार होते आणि मग ती बाधक ठरतात. त्यांचे कवच मात्र इतके चिवट असते, की मातीत ती महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे तग धरतात. मांजर पंजे चाटते तेव्हा ती पोटात जातात. उंदीर, झुरळे, गांडुळे यांच्या शरीरांतही या अळ्या दडून राहतात, आणि असा उंदीर खाल्ला की त्या मांजरात येतात. परंतु सर्वांत महत्त्वाची वाट आईच्या दुधाची. आईच्या शरीरात सुप्त असलेल्या अळ्या दुधावाटे पिल्लांच्या पोटी जातात. म्हणूनच ज्या पिल्लाने अजून घराचा उंबरठा ओलांडला नाही, त्याच्याही पोटात जंत निघतात.

दुसरा अंकुशकृमी. हा जेमतेम एक सेंटिमीटरचा, बारीक आणि सहसा डोळ्यांना न दिसणारा. तो आतड्याच्या अस्तराला तोंडाने पकडून रक्त पितो. उबदार, ओल्या मातीत त्याच्या अळ्या साधारण आठवडाभरात तयार होतात, त्यामुळे पावसाळा हा त्याचा सुगीचा काळ. या अळ्या तोंडावाटे तर जातातच, शिवाय कातडीतूनही शिरतात. कातडीची ही वाट माणसाच्या अंकुशकृमीच्या बाबतीत प्रथम ध्यानात आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरो येथे काम करणारे जर्मन संशोधक आर्थर लूस यांच्या हातावर अळ्या असलेल्या पाण्याचे थेंब सांडले. ती जागा लाल होऊन खाजू लागली, आणि काही काळाने त्यांच्या स्वतःच्या विष्ठेत अंकुशकृमीची अंडी सापडली.

तिसरा पट्टकृमी. हा लांबलचक फितीसारखा असून अनेक खंडांचा बनलेला असतो. शेवटचे खंड सुटून गुदद्वाराशी येतात. ओले असताना ते काकडीच्या बीसारखे किंवा तांदळाच्या दाण्यासारखे दिसतात व हलतात, वाळल्यावर तिळासारखे होतात. नेहमी आढळणारा पट्टकृमी पिसवांवाटे येतो. पिसवेची अळी या जंताची अंडी खाते, त्या अळीची पिसू होते, पिसू चावली की मांजर अंग चाटते, आणि चाटता चाटता पिसूच गिळते. दुसऱ्या एका जातीचा पट्टकृमी उंदरांवाटे येतो. उंदराच्या यकृतात त्याची अळी गाठीच्या रूपाने बसलेली असते. यावरून हे स्पष्ट होईल, की पिसवा जिवंत ठेवून पट्टकृमीवर औषध देणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

गोड खाण्याने किंवा दुधाने जंत होतात, हा समज येथे तपासून पाहिला पाहिजे. अंडे किंवा अळी शरीरात गेल्यावाचून जंत होत नाहीत. साखरेतून ते उपजत नाहीत. मात्र पुष्कळशा मोठ्या मांजरांना गाई-म्हशीचे दूध पचत नाही व त्याने ढाळ लागतात. ते ढाळ पाहून 'जंत झाले' असे म्हटले जाते, आणि दोष नसलेल्या जागी औषध दिले जाते.

ओळखावे कसे?

पिल्लाचे पोट डेऱ्यासारखे फुगलेले आणि पाठीचा कणा हाताला लागणारा, केस रुक्ष, वाढ खुंटलेली, मधूनमधून ओकारी किंवा ढाळ : ही गोलकृमीची सर्वपरिचित लक्षणे. अळ्या फुप्फुसांतून प्रवास करीत असताना पिल्लू खोकतेही. 'खाते पण अंगी लागत नाही' असे ज्या पिल्लाविषयी घरात म्हटले जाते, त्याच्याविषयी जंतांचा संशय अवश्य घ्यावा. जंत फार झाले तर त्यांचा गुंता होऊन आतडे बंद पडते व पिल्लू दगावते.

अंकुशकृमीची खूण निराळी. पिल्लाचा ओठ वर करून हिरडी पाहावी. निरोगी हिरडी गुलाबी असते. ती पांढुरकी दिसली, पिल्लू मलूल पडून राहू लागले, शी डांबरासारखी काळी होऊ लागली, तर रक्त जात आहे असे समजावे आणि त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. सव्वा पावशेराच्या जिवात रक्त ते किती असणार! येथे 'उद्या पाहू' हा विचार पिल्लाच्या जिवावर बेततो.

मोठ्या मांजरात मात्र पुष्कळदा कोणतेच लक्षण दिसत नाही. बोका धष्टपुष्ट असतो, उंदीर मारतो, आणि अंडीही पसरवीत असतो. अशा वेळी विष्ठेची तपासणी उपयोगी पडते. ताज्या विष्ठेचा लहानसा अंश स्वच्छ डबीत घालून काही तासांच्या आत दवाखान्यात पोहोचवावा. तेथे तो संपृक्त द्रावणात कालवून ठेवतात. अंडी हलकी असल्याने वर तरंगतात व सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. परंतु पट्टकृमीची अंडी या रीतीने पुष्कळदा हुकतात. तेथे घरच्या माणसाची नजरच अधिक कामाची. मांजर जेथे निजते ती जागा आणि त्याच्या शेपटीखालचे केस आठवड्यातून एकदा पाहण्याची सवय ठेवली, तर पट्टकृमी सहसा लपून राहत नाही.

अपकर्षण : औषध आणि त्याचे माप

आज या विकारावर प्रभावी औषधे उपलब्ध आहेत. पायरँटेल गोल व अंकुशकृमींना लुळे पाडते, मग ते विष्ठेवाटे वाहून जातात. फेनबेंडाझोल जंतांचे पोषणच तोडते. ते सलग काही दिवस द्यावे लागते. पट्टकृमीवर १९७० च्या दशकात जर्मनीत शोधले गेलेले प्राझिक्वांटेल गुणकारी आहे. त्याने मेलेला पट्टकृमी आतड्यातच जिरून जातो. म्हणून औषध दिल्यावर 'काहीच पडले नाही, औषध लागू झाले नाही' असे समजून दुसरी मात्रा देऊ नये. कोणते औषध कोणत्या जंतावर द्यायचे, हे पशुवैद्यानेच ठरवावे. सरकारी पशुचिकित्सालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि आपल्या माळव्यात तर महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे.

मात्रा वजनावर ठरते. अर्ध्या किलोचे पिल्लू आणि पाच किलोचा बोका यांत दहापटीचे अंतर आहे; 'अर्धी गोळी देऊन टाका' हा शेजारधर्माचा सल्ला म्हणूनच धोक्याचा. पिल्लू दुरडीत घालून स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावे. मोठे मांजर उचलून स्वतः वजनाच्या यंत्रावर उभे राहावे, मग एकट्याचे वजन त्यातून वजा करावे. तिसरी-चौथीतील मूलही ही वजाबाकी आनंदाने करील.

बहुतेक औषधे आतड्यातील प्रौढ जंतांवर चालतात. शरीरात भटकणाऱ्या अळ्या त्यांच्या तावडीतून सुटतात व पुढे आतड्यात येऊन मोठ्या होतात. म्हणूनच औषध पुन्हा पुन्हा द्यावे लागते. आज सर्वसाधारणपणे मान्य असलेला क्रम असा : पिल्लू तीन आठवड्यांचे झाले की पहिली मात्रा, त्यानंतर आठ-दहा आठवड्यांचे होईपर्यंत दर पंधरवड्याला एक, पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दर महिन्याला एक. पिल्लांबरोबर दूध पाजणाऱ्या आईलाही औषध द्यावे, नाहीतर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल. मोठे मांजर बाहेर हिंडणारे, उंदीर मारणारे असेल, तर साधारण दर तीन महिन्यांनी औषध द्यावे.

गोळी देताना मांजराला टॉवेलात गुंडाळून फक्त डोके बाहेर ठेवावे, तोंड उघडून गोळी जिभेच्या मुळाशी टाकावी व तोंड मिटून गळ्यावरून हलकेच हात फिरवावा. मागाहून थोडे पाणी किंवा दोन घास ओले अन्न अवश्य द्यावे. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करते.

आता जे करू नये ते. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या औषधाचा अंदाजाने भाग पाडून मांजराला देऊ नये. काही औषधे पचवून बाहेर टाकण्याची जी शक्ती माणसाच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या पिसवांसाठी मिळणाऱ्या परमेथ्रिनयुक्त औषधाने मांजराला आचके येऊन मृत्यू ओढवतो. जंतांवर घरगुती उपाय म्हणून लसूण भरवला जातो. परंतु लसूण आणि कांदा या दोहोंनी मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. रॉकेल, टर्पेंटाइन, तंबाखूचे पाणी यांविषयी तर बोलावयासच नको. तान्ह्या बाळाच्या दुधात वावडिंग उकळण्याची आपली रीत जुनी आहे. पण बाळाचे ते मांजराचे नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

प्रकृतिविघात : ऊन आणि झाडू

चरकांचे दुसरे अंग आम्ही येथे थोड्या सैल अर्थाने घेत आहोत. जंतांच्या अंड्यांना सावली आणि ओल हवी असते. ऊन, कोरडेपणा आणि कढत पाणी त्यांना मानवत नाही. गोलकृमीची अंडी फिनेलने मरत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तेव्हा मांजराची शी वाळूच्या परातीत होत असेल, तर ती रोजच्या रोज काढावी. अंडे बाधक व्हायला निदान दोन आठवडे लागतात, हे वर सांगितलेच आहे. रोज सफाई करणारा गृहस्थ त्याला ती मुदतच देत नाही. परात आठवड्यातून एकदा कढत पाण्याने धुऊन उन्हात ठेवावी.

पिसवा मांजराच्या अंगावर दिसतात त्याहून अधिक त्यांची अंडी व अळ्या फरशीच्या फटींत, सतरंजीखाली आणि गोधडीत असतात. मांजराची गोधडी कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी, फटी झाडून कचरा घराबाहेर न्यावा, आणि मांजराच्या अंगावरील पिसवांसाठी खास मांजराचेच औषध पशुवैद्याकडून घ्यावे. घरात दोन मांजरे असतील तर दोघांनाही एकाच दिवशी औषध द्यावे.

मुलांना जंत मांजरापासून होतात काय?

हा प्रश्न शाळेत आम्हांला पालक दरवर्षी विचारतात. २०१५ पासून १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय कृमिमुक्ती दिवस पाळला जातो व शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. त्या दिवशी एखादी आई हळूच विचारते, 'घरात मांजर आहे, त्यापासून तर नाही ना?'

उत्तर दोन भागांत द्यावे लागते. ती गोळी ज्या जंतांसाठी असते, ते माणसाचे जंत. माणसाच्या विष्ठेने दूषित झालेली माती, पाणी व न धुतलेल्या भाज्या यांतून ते येतात. रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे दोऱ्यासारखे पांढरे जंतही माणसाचेच. ते एका मुलाच्या नखांतून दुसऱ्या मुलाकडे जातात. त्यांचा दोष मांजराच्या माथी मारणे अन्याय होय.

दुसरा भाग मात्र गंभीरपणे ऐकावा. मांजराच्या गोलकृमीचे तयार झालेले अंडे मुलाच्या पोटात गेले, तर तेथे प्रौढ जंत होत नाही; अळी मात्र वाट चुकल्यासारखी शरीरात भटकते. ती यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात जाते, आणि डोळ्यात गेली तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. १९५२ साली अमेरिकेत पॉल बीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या अशा आजाराचे कारण कुत्र्यांच्या गोलकृमीच्या अळ्या हे असल्याचे दाखवून दिले. मांजराचा गोलकृमी त्याच कुळातला. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीत शिरून नागमोडी, खाजणाऱ्या रेषा उमटवतात. पट्टकृमी मुलाला होतो तो पिसू पोटात गेली तर. तो क्वचितच होतो आणि औषधाने जातो.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की यांतील मुख्य धोका मांजराला कुरवाळण्यात नसून मातीत आहे. बांधकामासाठी रस्त्याच्या कडेला टाकलेला रेतीचा ढीग गल्लीतील साऱ्या मांजरांचे शौचकूप होतो, आणि त्याच ढिगात आपली मुले किल्ले बांधतात. असा ढीग ताडपत्रीने झाकावा. मुलांनी मातीत खेळून आल्यावर साबणाने हात धुवावेत, नखे कापलेली असावीत, पायांत चपला असाव्यात. घरचे मांजर हाकलून दिले तरी गल्लीतील रेती तेथेच राहते; उलट औषध दिलेले घरचे मांजर हे गल्लीतील भटक्या मांजरांहून कितीतरी निर्धोक असते.

गर्भवती स्त्रियांनी मांजराची शी काढू नये, ते काम घरातील दुसऱ्याने करावे. त्याचे कारण जंत नसून मांजराच्या विष्ठेतून येणारा दुसरा एक सूक्ष्म परजीवी आहे, आणि तो गर्भाला अपायकारक ठरू शकतो.

निदानपरिवर्जन

उरले तिसरे अंग, कारणे टाळण्याचे. मांजराला कच्चे मांस व कोंबडी-बकऱ्याचे टाकाऊ अवयव घालू नयेत, शिजवून द्यावेत. पोटभर खाणारे मांजर उंदीर मारण्याचे सोडत नाही, परंतु मारलेला प्रत्येक उंदीर खातही नाही; तेव्हा 'उपाशी ठेवले तर उंदीर धरील' ही जुनी युक्ती जंतांना आमंत्रण देणारी आहे. झुरळांचा बंदोबस्त करावा. भाजीच्या वाफ्यात मांजर उकरू लागले तर वाफा काटक्यांनी झाकावा. आणि दर वेताला पिल्लांची संख्या वाढू द्यायची नसेल, तर मांजरीची शस्त्रक्रिया करून घ्यावी. ज्या घरी वर्षातून दोनदा चार-चार पिल्ले होतात, त्या घरी वेळेवर औषध देणे अखेर कोणालाच जमत नाही.

यांतील काहीही अवघड नाही. अवघड असते ते लक्षात ठेवणे. त्यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दूध आणि गॅसच्या नोंदी करतो तेथेच, मांजराचे वजन, औषधाचे नाव व पुढील मात्रेची तारीख लिहून ठेवावी. हे काम घरातील मुलाकडे सोपवावे. पिल्लू टिकते ते नशिबाने नव्हे, तर तारीख न चुकविल्याने, हे त्याला त्या नोंदीतून उमगेल. मांजर पोत्यात घालून सोडून येण्यापेक्षा ही नोंद ठेवणे कमी श्रमाचे आहे, आणि मुलांच्या देखत करण्याजोगेही आहे.